द गॉल आणि अयूब : १९५८ मध्ये आले, १९६९ मध्ये गेले

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

२५ मार्च १९६९ रोजी पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष फील्ड मार्शल अयूब खान यांनी रेडिओवरून पद सोडत असल्याचं जाहीर केलं. जेमतेम महिना गेला आणि २८ एप्रिलला, मध्यरात्र नुकतीच उलटलेली असताना, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जनरल शार्ल द गॉल यांचं दोन वाक्यांचं निवेदन आलं: राष्ट्राध्यक्षपदाचं काम मी थांबवत आहे, हा निर्णय आज दुपारी बारा वाजल्यापासून अमलात येईल. दोघेही १९५८ मध्ये सत्तेवर आले होते, काही महिन्यांच्या अंतरानं. येणं आणि जाणं इतकं जुळणारे दोन सेनापती मला दुसरे माहीत नाहीत. म्हणूनच दोघांना शेजारी ठेवून वाचावंसं वाटलं.

आधी द गॉल. १९४६ च्या जानेवारीत, दुसऱ्या महायुद्धानंतरचं हंगामी सरकार सोडून ते घरी बसले. मधे स्वतःची संघटना काढली, तीही पुढे विरली. फ्रान्सच्या चौथ्या प्रजासत्ताकात बारा वर्षांत वीसहून जास्त सरकारं झाली. व्हिएतनाम हातचं गेलं आणि १९५४ च्या नोव्हेंबरात अल्जीरियाचं युद्ध पेटलं. तिथले दहा लाख गोरे रहिवासी आणि तिथलं सैन्य, दोघांनाही पॅरिसमधल्या राजकारण्यांवर भरवसा उरला नव्हता. १३ मे १९५८ ला पॅरिसमध्ये फ्लिमलँ पंतप्रधान व्हायचे होते. त्याच दिवशी अल्जियर्समध्ये जमाव सरकारी इमारतीत घुसला आणि छत्रीधारी सैनिकांचे जनरल मास्यू तिथल्या बंडखोर समितीचे प्रमुख झाले. १५ मेला अल्जीरियातल्या फ्रेंच फौजेचे सरसेनापती सालाँ यांनी गच्चीवरून भाषण संपवताना ‘द गॉल चिरायू होवो’ अशी घोषणा दिली. त्याच संध्याकाळी द गॉलांचं निवेदन आलं की प्रजासत्ताकाची सूत्रं हाती घ्यायला मी तयार आहे.

१९ मेच्या पत्रकार परिषदेत त्यांनी विचारलं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी हुकूमशहा म्हणून नवी कारकीर्द सुरू करीन असं तुम्हाला वाटतं का? बंडाचा मात्र त्यांनी एकदाही निषेध केला नाही. २४ मेला सैनिकांनी कोर्सिका घेतलं. पॅरिसवर छत्रीधारी उतरवायचा बेत तयार होता. शेवटी राष्ट्राध्यक्ष कोती यांनी संसदेला कळवलं की द गॉलांना बोलावता येत नसेल तर मीच जातो. १ जूनला संसदेनं ३२९ विरुद्ध २२४ मतांनी द गॉलांना पंतप्रधान केलं. ३ जूनच्या कायद्यानं त्यांना नवी घटना लिहायचा अधिकार मिळाला, पण अटींसह: सत्तेचा उगम सार्वत्रिक मतदानातच असेल, सरकार संसदेला जबाबदार असेल, न्यायालयं स्वतंत्र राहतील. २८ सप्टेंबरला सुमारे ८० टक्के लोकांनी त्या घटनेला होकार दिला.

आता अयूब. ते १९५१ पासून पाकिस्तानचे सरसेनापती, आणि १९५४-५५ मध्ये वर्दी न उतरवताच संरक्षणमंत्रीही. म्हणजे चंचुप्रवेश आधीच झाला होता. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५९ च्या सुरुवातीला व्हायची होती. ७ ऑक्टोबर १९५८ ला राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी अडीच वर्षांची घटना रद्द करून लष्करी कायदा पुकारला आणि अयूबना त्याचा मुख्य प्रशासक नेमलं. मिर्झांना वाटलं की सैन्य आपल्यासाठी राबेल. २७ ऑक्टोबरच्या रात्री तीन जनरल त्यांच्या घरी गेले आणि राजीनाम्यावर सही घेऊन आले. मिर्झा लंडनला गेले, परत कधी आलेच नाहीत.

आणखी एक योगायोग पाहा. द गॉल डिसेंबर १९५८ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडले गेले ते खासदार, महापौर, नगरसेवक अशा सुमारे ८० हजार मतदारांकडून. अयूबनी आपल्या ‘मूलभूत लोकशाही’त (लोकांनी स्थानिक प्रतिनिधी निवडायचे आणि त्यांनी राष्ट्राध्यक्ष) जे मतदार ठेवले तेही ८० हजारच. द गॉलांनी १९६२ मध्ये सार्वमत घेऊन ही निवड थेट जनतेकडे दिली. स्वतःचा पक्ष सोडून जवळपास सगळे विरोधात गेले, संसदेनं त्यांच्या पंतप्रधानाला अविश्वास ठरावानं पाडलं, तरी दिली. त्याची किंमतही मोजली. डिसेंबर १९६५ च्या पहिल्या फेरीत त्यांना ४५ टक्केही मतं मिळाली नाहीत आणि डाव्यांचे उमेदवार मितराँ यांच्यासमोर दुसऱ्या फेरीला उभं राहावं लागलं. अयूबनी ८० हजारांचं कुंपण शेवटपर्यंत काढलं नाही.

आणि जाणं. द गॉलांनी १९६९ मध्ये सिनेट आणि प्रांतरचनेतल्या बदलांवर सार्वमत लावलं, हरलो तर जाईन असं आधीच सांगितलं, आणि ५२ टक्के ‘नाही’ आल्यावर त्याच रात्री गेले. अधिकार आपोआप सिनेटचे अध्यक्ष आलँ पोएर यांच्याकडे गेले. ज्या सिनेटचे अधिकार द गॉल छाटायला निघाले होते तिचेच हे अध्यक्ष. अयूबच्या स्वतःच्या १९६२ च्या घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्ष गेल्यावर कारभार संसदेच्या सभापतीकडे जायला हवा होता. सभापती होते पूर्व पाकिस्तानातले अब्दुल जब्बार खान. अयूबनी सत्ता सरसेनापती याह्या खान यांच्या हाती दिली आणि याह्यांनी ती घटना रद्द केली. पुढे १९७१ मध्ये बांगलादेश कसा झाला ते आपल्याला माहीत आहेच.

माझं म्हणणं एवढंच आहे. सेनापती कुठल्या दारानं आला यावरून फार कळत नाही. ती दारं बहुधा मळलेलीच असतात. आपल्याला घालवायची वाट त्यानं लोकांच्या हाती ठेवली का आणि वेळ आल्यावर त्याच वाटेनं गेला का, यावरून त्याला तोलावं.

---

टेहळणी

कृष्णाकाठ, मांडणी चांगली आहे, पण मे १९५८ वरून तुम्ही फार भरभर पुढे गेलात.

३२९ मतं मिळाली खरी. ती कुठल्या परिस्थितीत? कोर्सिका गेलेलं, पॅरिसवर उतरायची तयारी झालेली, गृहमंत्र्याला आपले पोलीस आपलं ऐकतील की नाही याची खात्री नाही. २७ मेला द गॉल जाहीर करतात की प्रजासत्ताक सरकार स्थापन करायची रीतसर प्रक्रिया मी सुरू केली आहे, आणि तेव्हा फ्लिमलँ खुर्चीवर आहेत! ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा प्रकार. बंड दुसऱ्यांनी करायचं, धमकी दुसऱ्यांनी द्यायची, आणि तारणहार म्हणून आपण यायचं. १ जूनला मितराँ संसदेत हेच बोलले: १९४४ मध्ये या माणसाच्या सोबतीला देशाची अब्रू होती, आज बळजोरी आणि फितुरी आहे. माजी पंतप्रधान मांदेस-फ्रान्स यांनीही विरोधात मत दिलं. ते तर द गॉलांच्या स्वतंत्र फ्रान्सच्या फौजेतून लढलेले, १९४४-४५ मध्ये त्यांच्याच सरकारात मंत्री राहिलेले.

शेवट चांगला झाला म्हणून सुरुवात धुऊन निघत नाही. उद्या एखाद्या देशातला जनरल म्हणेल, मला आधी येऊ द्या, जाताना नीट जाईन. त्याला तुम्ही काय उत्तर देणार?

---

कृष्णाकाठ

टेहळणी, सुरुवात धुऊन निघते असं मी म्हणत नाही. मे १९५८ मध्ये फ्रेंच संसद दबावाखाली वाकली, हे उघड आहे. मला थांबावंसं वाटतं ते पुढच्या भागापाशी. ज्यांनी त्यांना आणलं त्यांच्या मनासारखं द गॉल वागले नाहीत. ४ जूनला अल्जियर्सच्या त्याच गच्चीवरून ‘मी तुम्हाला समजून घेतलं’ म्हणाले आणि गर्दी वेडी झाली. सव्वा वर्षात, सप्टेंबर १९५९ मध्ये, त्यांनी अल्जीरियाला स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य केला.

मग आला एप्रिल १९६१. शाल, झुओ, झेलेर आणि सालाँ या चार जनरलांनी अल्जियर्स ताब्यात घेतलं. गच्चीवरून द गॉलांचा जयजयकार केला होता तेच हे सालाँ. २३ एप्रिलला रात्री आठ वाजता द गॉल दूरचित्रवाणीवर आले ते जनरलच्या वर्दीत. राष्ट्राध्यक्ष एरवी साध्या सुटात असत. त्या दिवशी वर्दी मुद्दाम घातली. मूठभर निवृत्त जनरल असा बंडवाल्यांचा उल्लेख केला, त्यांचा कुठलाही हुकूम मानायला सैनिकांना मनाई केली आणि शेवटी देशाला म्हणाले, मला मदत करा. अल्जीरियातल्या छावण्यांमध्ये सक्तीच्या भरतीवर आलेली पोरं खिशातल्या ट्रान्झिस्टरवर हे ऐकत होती. त्यांनी अधिकाऱ्यांचं ऐकणं सोडलं. २६ तारखेला शाल शरण आले.

हे भाषण मी पुष्कळदा पाहिलंय. माणूस थकलेला दिसतो, हात टेबलावर आपटतो. सैन्यानं राजकारण करू नये हे वर्दीतला माणूस वर्दीतल्या माणसांना सांगतोय, आणि स्वतः तीन वर्षांपूर्वी अशाच गच्चीच्या जोरावर आलेला आहे. हा पेच त्यालाही ठाऊक असणार. तरी त्या रात्री त्यानं जे केलं ते मला मोठं वाटतं.

---

पलटणवाला

मी फौजेत होतो, त्यामुळे थोडं वेगळं दिसतं.

तुम्ही दोघांना ‘सेनापती’ म्हणताय, पण १९५८ मध्ये द गॉलांच्या हाताखाली एक शिपाईसुद्धा नव्हता. १९४० मध्ये तात्पुरता ब्रिगेडियर जनरल केलेला माणूस, पुढे त्याच वर्षी जर्मनीपुढे नमलेल्या पेतँच्या राजवटीनं गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावलेला. फ्रेंच सैन्यातल्या बड्या लोकांना तो कधीच आपला वाटला नाही. अयूब मात्र सेवेतले सरसेनापती. बटालियन त्यांच्या सहीवर हलत होती. हा फरक येण्याच्या दारातलाच आहे आणि तो लहान नाही.

दुसरं म्हणजे अयूब आपल्याला परके नाहीत. ते १/१४ पंजाब पलटणीचे, आणि आपल्या कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरातही त्याच पलटणीचे. तीच मेस, तीच शिस्त, तेच इंग्रज अधिकारी. मेसमध्ये राजकारण बोलायचं नाही हा रिवाज दोघांनाही सारखाच शिकवलेला. थोरातांनी १९५९-६० मध्ये पूर्व विभागाचे प्रमुख असताना चीनबद्दल लेखी इशारे दिले, ते कुणी मनावर घेतले नाहीत. १९६१ मध्ये सरसेनापतिपद दुसऱ्याला मिळालं आणि थोरात निवृत्त होऊन घरी आले. ज्यांना हे वाचायचं असेल त्यांनी त्यांचं ‘माझी शिपाईगिरी’ जरूर मिळवावं. एकाच पलटणीत घडलेले दोन अधिकारी इतके वेगळे निघाले याचं कारण पलटणीत सापडणार नाही. ते दोन देशांत शोधावं लागेल. इकडे १९५२ आणि १९५७ अशा दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या होत्या. तिकडे एकही नाही.

---

गोदातीर

पलटणवाले काका, तुमच्या मुद्द्याला आमच्या मराठवाड्याची जोड देतो.

अयूब सँडहर्स्टहून फेब्रुवारी १९२८ मध्ये बाहेर पडले, त्यांच्याच तुकडीत जयंतोनाथ चौधुरी होते. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे सेनापती अल इद्रूस शरण आले ते याच मेजर जनरल चौधुरींपुढे, आणि त्यानंतर चौधुरी हैदराबाद संस्थानाचे लष्करी गव्हर्नर झाले. म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या आमच्या पाच जिल्ह्यांचा कारभार सव्वा वर्ष एका जनरलच्या हाती होता. आमच्याकडे जुनी माणसं त्या काळाला अजून ‘मिल्ट्रीचं राज्य’ म्हणतात. जहागिरी रद्द करायचा हुकूम ऑगस्ट १९४९ मध्ये त्यांच्याच अमदानीत निघाला. १९४९ संपता संपता त्यांनी कारभार सोडला, वेल्लोदी नावाचे सनदी अधिकारी मुख्यमंत्री झाले आणि १९५२ मध्ये निवडून आलेलं सरकार आलं. चौधुरी परत फौजेत गेले. १९६५ च्या युद्धात भारताचे लष्करप्रमुख तेच होते, आणि समोर राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांच्याच तुकडीतले अयूब.

पण हे सांगताना दुसरी बाजू गिळून टाकणं मला जमणार नाही. पोलीस कारवाईनंतर आमच्या भागात मुसलमानांवर जे अत्याचार झाले ते नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं नोंदवले. निदान २७ ते ४० हजार माणसं मेली असा तिचा अंदाज होता, आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. जनरल वेळेवर परत गेला एवढ्यावरून त्याच्या अमदानीत सगळं नीट होतं असं होत नाही. कृष्णाकाठ, तुमच्या कसोटीत ही भर घाला.

---

सडेतोड

सगळे अयूबला झोडपताय म्हणून लिहितो. त्या दहा वर्षांत पाकिस्तानची अर्थव्यवस्था आपल्यापेक्षा वेगानं वाढत होती, हे खरं की नाही? इस्लामाबाद उभं राहिलं, मंगला धरण झालं, १९६० चा सिंधू पाणीवाटप करार अयूबच्याच सहीनं झाला. १९६१ चा कुटुंब कायदा बघा. दुसऱ्या लग्नावर बंधनं आणली, तीसुद्धा मौलवींचा विरोध पत्करून. तिथल्या निवडून आलेल्या पुढाऱ्यांना हे जमलं असतं का? १९५१ ते १९५८ मध्ये सहा-सात पंतप्रधान झाले. लोकशाहीचं घोडं पेंड खात असेल तर कुणीतरी लगाम धरायलाच हवा.

---

कृष्णाकाठ

सडेतोड दादा, कुटुंब कायद्याबद्दल शंभर टक्के सहमत. तो चांगलाच कायदा होता, आणि वाढीचे आकडेही खोटे नाहीत. पण पैसा कुठे गेला? अयूबच्याच नियोजन आयोगातले अर्थतज्ज्ञ महबूब उल हक १९६८ मध्ये म्हणाले की देशाच्या उद्योगाचा बहुतांश भाग बावीस घराण्यांच्या हाती आहे. तागावर परकीय चलन कमवायचं पूर्वेनं आणि खर्च व्हायचं पश्चिमेला. राजधानी कराचीहून हलली तीही पश्चिमेतच, इस्लामाबादला. सैन्यात बंगाली नावाला. तक्रार मांडायला संसदेत जागा असती तर ती तिथे मांडली गेली असती. जागा नव्हती म्हणून रस्त्यावर आली.

आणि ती २ जानेवारी १९६५ ची निवडणूक आठवा. अयूबसमोर विरोधकांनी उभं केलं महंमद अली जिनांच्या बहिणीला, फातिमा जिनांना. सत्तरीची बाई, एके काळी मुंबईत दंतवैद्य म्हणून दवाखाना चालवलेली. त्यांची निशाणी कंदील, अयूबची गुलाब. गाडीनं पूर्व पाकिस्तानात गेल्या तर स्थानकास्थानकावर इतकी गर्दी की गाडी कित्येक तास उशिरा पोचायची. ढाका आणि कराची या दोन्ही मोठ्या शहरांत त्या जिंकल्या. मतदार मात्र ८० हजारच, आणि त्यांतल्या कितीकांचा निधी, रस्ता, विहीर सरकारी अधिकाऱ्याच्या हातात. अयूब ६० टक्क्यांच्या पुढे मतं घेऊन जिंकले. सगळ्यांना मत असतं तर निकाल काय लागला असता हे सांगता येत नाही, पण ते विचारायची हिंमत अयूबनी केली नाही हे मात्र सांगता येतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात द गॉलांनी ती केली आणि जिंकलेही.

चार वर्षांनी लोक रस्त्यावर आले तेव्हा अयूबकडे त्यांच्याशी बोलायला कुणी मधला माणूसच उरला नव्हता. विकासाचं दशक म्हणून सरकार सोहळे करत होतं आणि रावळपिंडीत विद्यार्थ्यांवर गोळीबार होत होता.

---

अबोली

मी फ्रान्समध्ये राहते, म्हणून थोडी भर. द गॉलांचं गाव कोलोंबे पॅरिसपासून गाडीनं अडीच-तीन तासांवर आहे. आजूबाजूला शेतं आणि जंगल, बाकी काही नाही. घराच्या कोपऱ्याला षटकोनी बुरूज आहे, त्यात त्यांची लिहायची खोली. खिडकीतून दूरवर नुसती झाडी दिसते. १९४६ नंतर आणि १९६९ नंतर ते इथेच बसून आठवणी लिहीत होते.

गावच्या चर्चच्या आवारात थडगं आहे. पांढरा साधा दगड, त्यावर नाव आणि १८९०-१९७०. पदवी नाही, हुद्दा नाही. शेजारी मुलगी आन. तिला जन्मतः डाउन सिंड्रोम होता, विसाव्या वर्षी गेली. आपल्या अंत्यसंस्काराला राष्ट्राध्यक्ष, मंत्री कुणी नको, भाषण नको, हे त्यांनी १९५२ मध्येच लिहून ठेवलं होतं आणि १९७० मध्ये घरच्यांनी ते पाळलं. गावातल्या तरुणांनी पेटी उचलली. टेकडीवर आता लोरेनचा प्रचंड क्रूस (द गॉलांच्या स्वतंत्र फ्रान्सची खूण) उभा आहे, तो नंतरचा.

पण इथल्या अल्जीरियन शेजाऱ्यांशी बोललं की वेगळं ऐकू येतं. १७ ऑक्टोबर १९६१ ला पॅरिसमध्ये शांतपणे मोर्चा काढणाऱ्या अल्जीरियन लोकांना पोलिसांनी मारलं, सेन नदीत टाकलं. राष्ट्राध्यक्ष द गॉलच होते. ज्या अल्जीरियन मुसलमानांनी फ्रान्सच्या बाजूनं बंदूक धरली होती त्या हार्कींना १९६२ मध्ये वाऱ्यावर सोडलं, हजारो मारले गेले. जे कसेबसे इकडे पोचले त्यांना छावण्यांत ठेवलं. गोदातीर यांनी हैदराबादबद्दल लिहिलं ते वाचताना मला हेच आठवलं. जाणं कितीही नीटस असो, मधल्या अकरा वर्षांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

---

चौकस

कृष्णाकाठ, तुमच्या कसोटीला धक्का देणारं उदाहरण त्याच १९५८ मध्ये आहे. ब्रह्मदेशात सत्ताधारी पक्ष फुटला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस संसदेनं जनरल ने विन यांना पंतप्रधान केलं. फेब्रुवारी १९६० मध्ये त्यांनी निवडणूक घेतली, ऊ नू भरघोस जिंकले, एप्रिलमध्ये ने विननी सत्ता परत दिली. जगभर कौतुक झालं. त्या दिवशी तुमची कसोटी लावली असती तर ने विन पहिल्या वर्गात पास. २ मार्च १९६२ ला रणगाडे घेऊन परत आले आणि १९८८ पर्यंत हलले नाहीत. तिथल्या भारतीयांची दुकानं गेली, लाखो लोक नेसत्या कपड्यांनिशी परतले.

एकदा गोडी लागली की जाणं हे जाणं राहत नाही.

---

कृष्णाकाठ

चौकस, उदाहरण नेमकं आहे आणि मी त्यावर बराच विचार केला. ने विन १९६० मध्ये गेले ते मर्जीनं गेले. सैन्य पूर्ण त्यांच्याच मुठीत राहिलं. जायची सक्ती नव्हती आणि परत यायला अडसर नव्हता. मी ‘वाट लोकांच्या हाती’ म्हणतो ती ही नव्हे. मतदार मला काढू शकतात आणि काढल्यावर माझ्याकडे परत यायला बंदूक नाही, या दोन्ही गोष्टी हव्यात. द गॉलांनी १९६१ नंतर बंडखोर पलटणी मोडल्या, जनरल तुरुंगात टाकले, आणि सैन्याचं लक्ष अणुबॉम्ब आणि युरोपाकडे वळवलं. १९६९ मध्ये त्यांना परत आणायला कुणी छत्रीधारी तयार नव्हते आणि त्यांनाही ते नको होतं.

त्याच वर्षातला चौथा माणूस मला जास्त आवडतो, लेबनॉनचे लष्करप्रमुख फुआद शहाब. १९५८ च्या यादवीत राष्ट्राध्यक्षांनी सांगूनही त्यांनी सैन्य विरोधकांवर घातलं नाही. सैन्यात सगळ्या पंथांची पोरं होती, ते फुटलं असतं. म्हणूनच दोन्ही बाजूंना ते चालले आणि संसदेनं त्यांना निवडलं. १९६४ मध्ये आमदार घटना बदलून मुदत वाढवायला तयार होते. शहाब नको म्हणाले. त्यांच्या लष्करी गुप्तचर खात्याची राजकारणातली लुडबुड लेबनॉनमध्ये अजून कडवट आठवणीनं सांगतात, ती बाजूही आहेच.

---

रानजाई

आपल्याकडच्या निवडणूक लढवलेल्या जनरलांबद्दल कुणी बोललंच नाही. करिअप्पा १९५३ मध्ये निवृत्त झाले आणि १९७१ ची लोकसभा निवडणूक त्यांनी मुंबईतून लढवली, हरले. जनरल व्ही. के. सिंग मे २०१२ मध्ये निवृत्त झाले, २०१४ मध्ये गाझियाबादमधून प्रचंड मतांनी निवडून येऊन मंत्री झाले. मेजर जनरल खंडुरी उत्तराखंडचे मुख्यमंत्री झाले. मतं मागून आले, मतांनी जाऊ शकतात. मला त्यात धोका दिसत नाही, पण लष्करप्रमुखपद आणि निवडणूक यांत काही वर्षांचं सक्तीचं अंतर असावं असं ठाम वाटतं. नाहीतर सेवेत असतानाच उमेदवारीकडे डोळा ठेवून निर्णय व्हायला लागतील.

---

पलटणवाला

रानजाई, अगदी मनातलं. निदान दोन वर्षं.

---

नोटरी

वकील म्हणून एक गोष्ट राहिलीय असं वाटतं: न्यायालयं.

मिर्झांना ज्या दिवशी घालवलं त्याच २७ ऑक्टोबर १९५८ ला पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयानं डोसो खटल्यात निकाल दिला की यशस्वी क्रांती स्वतःच कायद्याचा नवा पाया ठरते. सरन्यायाधीश मुनीर. म्हणजे जो जिंकला तो कायदेशीर. हा निकाल त्याच न्यायालयानं एप्रिल १९७२ मध्ये अस्मा जिलानी खटल्यात फिरवला आणि याह्यांना सत्ता बळकावणारा म्हटलं, पण तोवर याह्या पायउतार होऊन महिने झाले होते. पाच वर्षांनी झिया आले तेव्हा ‘गरज’ या नावाखाली न्यायालय पुन्हा झुकलं.

फ्रान्समध्ये १९६२ मध्ये द गॉलांनी बंडखोरांसाठी खास लष्करी न्यायालय काढलं. कानाल नावाच्या आरोपीला तिथे मृत्युदंड झाला. त्यानं तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाकडे दाद मागितली, आणि १९ ऑक्टोबर १९६२ ला त्या न्यायाधीशांनी द गॉलांचा हुकूमच रद्द केला, कारण अपिलाची सोय नव्हती. नवव्या दिवशी देशात सार्वमत होतं आणि द गॉलांची सत्ता पणाला लागलेली होती. ते भयंकर चिडले, पुढे कायदा करून नवं न्यायालय आणलंही. पण कानाल फाशीच्या तख्तावर किंवा गोळीबारापुढे गेला नाही. सेनापती ऐन जोरात असताना त्याला नाही म्हणणारा न्यायाधीश मिळणं, हे माझ्या मते जाण्याच्या वाटेइतकंच मोलाचं आहे.

तेवढ्याच खरेपणानं हेही सांगते: त्याच सार्वमताचा कायदा घटनेत बसतो का, हे तपासायला तिथल्या घटना परिषदेनं नोव्हेंबरात नकार दिला. सिनेटचे तेव्हाचे अध्यक्ष मोनर्विल यांना तो घटनेचा उघड भंग वाटत होता.

---

कृष्णाकाठ

नोटरी ताई, कानालचा निकाल मूळ लेखातच यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. वरती दुवा देऊन ठेवतो, म्हणजे नवीन वाचणारे थेट तुमच्या प्रतिसादावर येतील.

---

टेहळणी

अजून एक शंका. ते पोएर पुढे टिकले का? की हंगामी माणसाला कुणी ढकललं?

---

कृष्णाकाठ

कुणी ढकललं नाही. पोएरांनी हंगामी राष्ट्राध्यक्ष असतानाच जून १९६९ ची निवडणूक लढवली आणि पाँपिदूंकडून दुसऱ्या फेरीत हरले. परत सिनेटमध्ये जाऊन बसले. १९७४ च्या एप्रिलमध्ये पाँपिदू पदावर असतानाच वारले, तेव्हा पोएर दुसऱ्यांदा हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले आणि पुढच्या महिन्यात जिस्कारकडे कारभार सोपवून मोकळे झाले. सिनेटचे अध्यक्ष ते १९९२ पर्यंत होते.